शेवटचा होकार कुणाचा? जागतिक आरोग्य संशोधन आणि मूल्यमापनात स्थानिक नेतृत्व उभं करण्यासाठी मार्गदर्शक

1982 साली युरोपातल्या काही संशोधकांनी लायबेरियातल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास एका विषाणूशास्त्राच्या नियतकालिकात छापला. इबोला ज्या भागांत मुक्काम ठोकून आहे त्यांत लायबेरियाचाही समावेश करायला हवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढे 2014 मध्ये साथ आली आणि एकट्या लायबेरियात 4,800 च्या आसपास माणसं गेली. एप्रिल 2015 मध्ये तिथल्या तेव्हाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे लिहिलं, की हा इशारा त्यांच्या यंत्रणेपर्यंत कधी पोचलाच नव्हता. 1982 च्या त्या लेखाच्या लेखकांत एकही लायबेरियन नव्हता. तो डाउनलोड करायला 45 डॉलर पडत होते, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार.

या विषयावर बोलायला बसलं की ‘क्षमताबांधणी’ हा शब्द लगेच पुढे येतो आणि पाठोपाठ प्रशिक्षणांची यादी. प्रशिक्षण लागतंच. पण प्रश्न ठरवणं, पैसा वळवणं, डेटा उघडणं आणि निष्कर्ष लिहिणं हे अधिकार बाहेरच राहिले, तर कितीही कार्यशाळा घ्या, नेतृत्व उभं राहत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याला कळतं त्याला ठरवताही आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती आहेत. परदेशी विद्यापीठासोबत किंवा देणगीदारासोबत काम करणाऱ्या संस्थेतल्या लोकांसाठी हे लिहिलं आहे, आणि पलीकडच्या बाजूला बसून ज्यांना मनापासून बदल हवा आहे त्यांच्यासाठीही.

पायरी 1: मागचा एक प्रकल्प काढा आणि शेवटचा होकार शोधा

संपलेला प्रकल्प घ्या. चालू प्रकल्प नको, कारण चालू कामात माणसं एकमेकांना सांभाळून बोलतात. एका कागदावर दहा-बारा निर्णय लिहा: अभ्यासाचा प्रश्न कसा ठरला, प्रश्नावलीतला एखादा प्रश्न गाळायचं कुणी ठरवलं, वाहनाचा पैसा पगाराकडे वळवायला परवानगी कुणी दिली, डेटा मॅनेजर कुणी निवडला, विश्लेषणाचा आराखडा कुणी लिहिला, पहिला लेखक कोण, आरोग्य मंत्रालयापुढे निष्कर्ष कुणी मांडले. प्रत्येकासमोर संस्थेचं नाव न लिहिता माणसाचं नाव लिहा. चर्चेत भाग घेणारे दहा असतील. आपल्याला हवा आहे तो शेवटचा होकार देणारा. जुन्या मेल उघड्या ठेवूनच हे करा, कारण स्मरणशक्ती आपल्याच बाजूने झुकते.

एका दुपारचं काम आहे. बहुतेक वेळा एक ठरावीक चित्र दिसतं: ठरलेलं पार पाडण्याचे सगळे निर्णय इथे, आणि ठरलेलं बदलण्याचे सगळे निर्णय तिथे. गाड्या, भरती, परवानग्या, समाजाशी बोलणी हे स्थानिक ‘समन्वयका’कडे. उद्दिष्टं, बजेट, विश्लेषण दूर कुठेतरी. बदल नेमका कुठे मागायचा ते या कागदावरूनच कळतं.

इथे एक अवघड गोष्टही बोलायला हवी. ‘स्थानिक’ म्हणजे कोण? राजधानीतला ज्येष्ठ प्राध्यापक हा त्याच देशातल्या दुर्गम जिल्ह्यापासून परदेशी संशोधकाइतकाच लांब असू शकतो. तुमच्या कागदावरचे सगळे होकार राजधानीतल्या एकाच पुरुषाच्या नावावर निघाले, तर सत्ता फक्त विमानतळापर्यंत आली आहे. जिल्ह्यातले अधिकारी, परिचारिका, फील्ड सुपरवायझर, आणि ज्यांच्यावर अभ्यास होतो ती माणसं यांना त्या यादीत कुठे जागा आहे, तेही बघा.

पायरी 2: प्रश्न आधी तयार ठेवा, कॉल नंतर येऊ द्या

हा प्रसंग बहुतेकांच्या ओळखीचा असेल. निधीच्या कॉलची, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीची, मुदत दहा दिवसांवर आली आहे. पलीकडून मेल येते: प्रपोजल जवळपास तयार आहे, तुमच्या लेटरहेडवर एक पाठिंब्याचं पत्र आणि दोन पानी बायोडेटा तेवढा पाठवा. निधी जाईल या भीतीने आपण पाठवतो, आणि पुढची चार वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नाची उत्तरं गोळा करतो.

अशा मेलला त्याच दिवशी उत्तर द्या आणि तीन गोष्टी मागा. बजेटसकट संपूर्ण मसुदा. उद्दिष्टांत बदल सुचवण्याची मुभा, आणि तो बदल स्वीकारला की नाही याचं लेखी कारण. प्रपोजलवर सह-प्रमुख संशोधक म्हणून नाव. तिन्ही मिळाल्या तर दहा दिवसांतही बरंच सुधारता येतं. एकही मिळत नसेल तर पत्र न पाठवणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना ते परवडत नाही, हेही मला माहीत आहे. नाइलाजाने पाठवायचंच असेल, तर तुमच्या संस्थेची भूमिका सेवा पुरवण्याची आहे असं करारात लिहून घ्या आणि त्या सेवेचा पूर्ण मोबदला लावा. भागीदारीचं नाव आणि मजुरीचा दर, या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करू नका.

पण खरा उपाय त्या मेलच्या सहा महिने आधीचा आहे. संस्थेकडे पाच-सहा प्रश्नांच्या दोन-दोन पानी संकल्पना-टिपा कायम तयार हव्यात. ते प्रश्न मंत्रालयाच्या नियोजनातून, जिल्हा अधिकाऱ्यांच्या बैठकांतून, आरोग्य सेविकांच्या तक्रारींतून आणि रुग्णांकडून येतात. प्रत्येक टिपेत शेवटी एक ओळ सक्तीची ठेवा: या उत्तरामुळे कोण, कधीपर्यंत, कोणता निर्णय वेगळा घेईल? ही ओळ भरता येत नसेल तर तो प्रश्न बाजूला ठेवा.

यामागे जुना अनुभव आहे. 1990 मध्ये विकासासाठीच्या आरोग्य संशोधनावरच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने दाखवून दिलं, की आजारांचा बहुतांश भार ज्या देशांवर आहे त्यांच्या प्रश्नांवर जगाच्या आरोग्य संशोधनाचा जेमतेम तुकडा खर्च होतो. ही तफावत पुढे ‘10/90’ (90 टक्के भारासाठी 10 टक्के पैसा) या नावाने ओळखली गेली. त्याच आयोगाची शिफारस होती, की प्रत्येक देशाने आपल्या गरजेचा संशोधन कार्यक्रम स्वतः ठरवावा. तुमच्या देशाचा असा प्राधान्यक्रम छापलेला असेल तर तो हातात घेऊनच भागीदाराशी बोला. दोन माणसांच्या आवडीनिवडीचा वाद मग राहत नाही. तुम्ही देशाने ठरवलेलं पुढे ठेवत असता.

पायरी 3: पैशाबद्दल मोकळेपणाने बोला

ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय या क्षेत्रात फार आहे. नेतृत्वाच्या गप्पा दिवसभर होतात आणि बजेटचं पान शेवटच्या दहा मिनिटांत उघडतं. क्रम उलटा करा.

पहिला मुद्दा ओव्हरहेडचा, म्हणजे इमारत, वीज, हिशेब विभाग, एथिक्स कमिटीचं (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीचं) कार्यालय अशा अप्रत्यक्ष खर्चाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी वर्षानुवर्षं परदेशी संस्थांना यासाठी 8 टक्के हा ठरावीक दर दिला. अनेक अमेरिकी विद्यापीठांचे वाटाघाटीने ठरलेले दर मात्र 50 टक्क्यांच्या वर होते. याचा परिणाम एका साध्या हिशेबात दिसतो. समजा, तुमच्या संस्थेचा खरा अप्रत्यक्ष खर्च 20 टक्के आहे आणि हातात 8 टक्के येतात. म्हणजे दर 100 रुपयांच्या कामामागे 12 रुपयांची तूट. प्रकल्प जितके जास्त तितकी संस्था आतून पोकळ, आणि ती पोकळी भरायला पुढचा प्रकल्प. अशा संस्थेतला ज्येष्ठ संशोधक स्वतःचा प्रश्न मांडायला थांबूच शकत नाही; तो मिळेल त्या कॉलमागे धावत राहतो. म्हणून आपला खरा दर काढा. गेल्या दोन वर्षांचे हिशेब घेऊन लेखापालासोबत बसा आणि तो आकडा लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या. देणगीदाराने कमी दर लावलाच, तर तोच खर्च प्रत्यक्ष खर्चाच्या ओळींत मागा: ग्रँट मॅनेजरचा पगार, सर्व्हर, वीज आणि इंटरनेटची पर्यायी सोय, एथिक्स कमिटीची फी, चलनाच्या दरातली घसरण.

दुसरा मुद्दा पैसा येतो कसा याचा. आधी खर्च करा, मग बिलं पाठवा, ही पद्धत मोठ्या विद्यापीठाला झेपते. छोट्या संस्थेत तिचा अर्थ असा, की फील्डवरच्या मुली तीन महिने पगाराची वाट बघतात आणि त्यातली सगळ्यात हुशार मुलगी दुसरी नोकरी धरते. निदान तिमाहीचा आगाऊ हप्ता मागा. शिवाय एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ठरावीक टक्के रक्कम परवानगीविना वळवायचा अधिकार करारात घ्या. 10 टक्के ही मागणी वाजवी आहे. दिसायला छोटी, पण पावसाने रस्ता वाहून गेल्यावर प्रकल्प कुणाच्या हातात आहे ते या कलमावरून ठरतं.

तिसरा मुद्दा: शक्य तिथे मुख्य अनुदान थेट तुमच्या संस्थेकडे घ्या आणि परदेशी भागीदाराला सब-अवॉर्ड, म्हणजे त्यातला वाटा, द्या. त्यासाठी हिशेबाची व्यवस्था दाखवता आली पाहिजे. आफ्रिकेतल्या संस्थांसाठी ‘गुड फायनान्शियल ग्रँट प्रॅक्टिस’ हे मानक याचसाठी तयार झालं: एकदा तपासणी करून घ्यायची आणि प्रत्येक देणगीदाराला तेच प्रमाणपत्र दाखवायचं. 2015 मध्ये सुरू झालेल्या डेल्टास आफ्रिका या संशोधक घडवणाऱ्या कार्यक्रमात तर अनुदानं आफ्रिकी संस्थांनाच मिळाली आणि कार्यक्रमाचं व्यवस्थापन नैरोबीत आलं. आश्वासनांवर मात्र विसंबू नका. यूएसएआयडी या परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने 2021 मध्ये जाहीर केलं होतं, की चार वर्षांत 25 टक्के निधी थेट स्थानिक संस्थांना जाईल. चार वर्षं पुरी होण्याआधी ती संस्थाच बंद झाली.

पायरी 4: फॉर्म बदलायचा अधिकार फील्डवर द्या

स्थानिक ज्ञान म्हणजे नक्की काय, हे मला हरारेच्या एका कामाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. झिम्बाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे: फार विचार करणं, डोक्यातली चक्की थांबतच नाही अशी अवस्था. दवाखान्यात येणारी बाई ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. ती हा शब्द वापरते. तिथल्या संशोधनातून शोना लक्षण-प्रश्नावली तयार झाली, लोकांच्या बोलीतल्या तक्रारींवरून. पुढे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 मध्ये हरारेच्या एंबारे भागात ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली समाजातलीच आजी, आणि अडचण सोडवण्याची ठरावीक संभाषणपद्धत. 2016 मध्ये याची यादृच्छिक चाचणी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली: 24 दवाखाने, 573 सहभागी, पहिलं नाव चिबांडा यांचं. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. मोजपट्टी, उपाय आणि चाचणी तिन्ही त्याच मातीतून आली, आणि नंतर इतर देशांनी ती घेतली.

आता आपल्या रोजच्या कामाकडे या. प्रश्नावली बहुतेकदा दुसऱ्या भाषेत ‘अंतिम’ होऊन येते आणि आपल्याकडे फक्त भाषांतर राहतं. भाषांतर, उलट-भाषांतर (तेच पुन्हा मूळ भाषेत नेणं), दोन्ही जुळलं की काम झालं असं मानतात. पण शब्द जुळले म्हणजे प्रश्न कळला असं होत नाही. म्हणून पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, निदान पंधरा-वीस जणांना प्रत्येक अवघड प्रश्नानंतर विचारा: यात तुम्हाला काय विचारलं असं वाटलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. पायलट संपल्यावर सुपरवायझर आणि मुलाखतकारांची एक पूर्ण दिवसाची बैठक ठेवा, आणि या बैठकीला प्रश्न गाळण्याचा आणि बदलण्याचा अधिकार आहे हे प्रोटोकॉलमध्येच (अभ्यासाच्या लेखी आराखड्यातच) लिहा. तुलनेसाठी जे प्रश्न जसेच्या तसे ठेवणं भाग आहे त्यांची यादी आधी करा. बाकी सगळे मोकळे. एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करण्यासाठी वेळापत्रकात महिना-दीड महिना राखून ठेवा, नाहीतर बैठकीतून निघालेलं शहाणपण ‘आता वेळ नाही’ या वाक्यावर संपतं.

पायरी 5: डेटा आणि नमुने

इतरांनी उन्हातान्हात गोळा केलेल्या डेटावर आयत्या बिळावरच्या नागोबासारखं बसायला जगात माणसांची कमी नाही. त्यावर देशांनी उत्तरं शोधलेली आहेत. बर्ड फ्लूचे नमुने आपण द्यायचे आणि त्यातून बनलेली लस आपल्यालाच परवडायची नाही, या कारणाने इंडोनेशियाने 2007 च्या सुमारास विषाणूचे नमुने देणं थांबवलं. त्या वादातून 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची साथरोग-फ्लूसाठीची चौकट तयार झाली, ज्यात नमुने देणं आणि लाभ वाटून घेणं एकत्र बांधलं आहे. दक्षिण आफ्रिकेने 2018 मध्ये मानवी जैविक नमुने देशाबाहेर पाठवण्यासाठी नमुना करार राजपत्रातच छापला.

तुमच्या करारात निदान इतकं असू द्या: डेटाची मूळ प्रत आणि ओळख उलगडणारी किल्ली अभ्यासाच्या देशात राहील, प्रत्येक दुय्यम वापराची विनंती स्थानिक अध्यक्ष असलेल्या समितीपुढे येईल, नमुन्यांचा उरलेला भाग कुठे, किती वर्षं, कुणाच्या ताब्यात राहील ते लिहिलेलं असेल, आणि विश्लेषणाचा कोड दोन्हीकडे असेल.

तरीही सर्व्हर आपल्या खोलीत असून उपयोग नाही, जर तो उघडून विश्लेषण करणारं माणूस आपल्याकडे नसेल. मुख्य विश्लेषण स्थानिक संख्याशास्त्रज्ञाने करायचं आणि परदेशी भागीदाराने ते स्वतंत्रपणे पडताळायचं, असा क्रम लावा. नेहमीचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉन बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओळखून जगाला कळवला, कारण जनुकक्रम वाचणारी यंत्रं आणि तो क्रम समजणारी माणसं दोन्ही तिथेच होती.

पायरी 6: लेखावरचं नाव

2014 ते 2016 या काळातल्या, आफ्रिकेतल्या आरोग्यावरच्या 7,100 लेखांचा एक आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास ज्या देशात झाला त्या देशातले पहिले लेखक एकूण सुमारे 53 टक्के होते. पण अमेरिकेतल्या अव्वल विद्यापीठांचे भागीदार असले, की हे प्रमाण 23 टक्क्यांवर येत होतं. भागीदार जितका बडा, तितका स्थानिक संशोधक यादीच्या मधल्या गर्दीत.

लेखकत्वाचं बोलणं प्रोटोकॉलच्या वेळीच उरका. कोणते चार-पाच लेख निघतील, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा लेखक कोण, आणि ठरलेल्या मुदतीत मसुदा आला नाही तर काय करायचं, हे एका पानावर लिहा. ‘त्यांनी लिखाण केलं नाही, म्हणून नाव नाही’ हे कारण नेहमी दिलं जातं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष त्यासाठी पुढे केले जातात. त्याच निकषांखाली स्पष्ट म्हटलं आहे, की पहिला निकष, म्हणजे रचना, डेटा-संकलन किंवा विश्लेषणातला भरीव वाटा, जो पुरा करतो त्याला मसुदा लिहिण्याची आणि तपासण्याची संधी मिळालीच पाहिजे. संधी नाकारून कुणाला बाद करण्यासाठी हे निकष वापरायचे नाहीत. हा परिच्छेद छापून जवळ ठेवा.

आणि लिहायला वेळ लागतो. फील्डवर गाडीची सोय बघणाऱ्या माणसाने रात्री अकरानंतर लेख लिहावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बजेटमध्ये लेखनाचे पगारी आठवडे आणि भाषासंपादनाचा पैसा धरा.

पायरी 7: मूल्यमापनाची सूत्रं

संशोधनापेक्षा मूल्यमापनात स्थानिक माणसाची अवस्था बिकट असते. टीम लीडर बाहेरून पंधरा दिवसांसाठी येतो. ‘स्थानिक सल्लागार’ भेटी ठरवतो, दुभाषा होतो, आणि अहवालात आभारांच्या यादीत उरतो. बदल टीओआरपासून (मूल्यमापनात काय आणि कसं तपासायचं ते ठरवणाऱ्या दस्तऐवजापासून) करावा लागतो, कारण यश कशाला म्हणायचं ते तिथेच ठरतं. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेचे सहा निकष (समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, टिकाऊपणा) बहुतेक टीओआरमध्ये असतात. ‘समर्पक कुणासाठी’ याचं उत्तर मात्र देणगीदाराच्या कार्यालयात लिहिलं जातं. टीओआरचा मसुदा कार्यक्रम वापरणाऱ्यांसमोर आणि जिल्हा अधिकाऱ्यांसमोर ठेवा आणि त्यांचे किमान दोन प्रश्न त्यात घाला. टीम लीडरसाठी त्या देशातला अनुभव आणि भाषा यांना गुण द्या. दूरच्या पदव्यांना दिले जातात तितके तरी.

‘स्थानिक मूल्यमापक निष्पक्ष कसा राहील?’ हा आक्षेप येणारच. तो रास्त आहे आणि सगळ्यांना लागू आहे: बाहेरून आलेल्याला पुढचं काम याच देणगीदाराकडून हवं असतं. हितसंबंध दोघांनीही लेखी जाहीर करावेत, आणि अहवाल तिसऱ्या देशातल्या कुणाकडून तरी तपासून घ्यावा. निष्कर्ष अंतिम होण्याआधी त्या लोकांच्या भाषेत त्यांच्यासमोर मांडले जातील, आणि कार्यक्रम फसला असला तरी अहवाल प्रसिद्ध होईल, ही दोन वाक्यं टीओआरमध्ये नसतील तर काम घेण्याआधी मागा.

पायरी 8: माणसं टिकवा

पीएचडीपर्यंत शिष्यवृत्त्या सापडतात. त्यानंतरची पाच-सात वर्षं ओसाड असतात, आणि नेमकी तेव्हाच माणसं सोडून जातात. त्या वर्षांसाठी पगाराची शाश्वती असलेल्या दोन जागा निर्माण करणं दहा कार्यशाळांपेक्षा मोलाचं आहे. डेटा मॅनेजर आणि ग्रँट मॅनेजर यांनाही बढतीचा रस्ता द्या. पदांच्या उतरंडीत वर जाताना स्त्रिया कुठल्या पायरीवर गळतात ते नावांनिशी बघा आणि त्या पायरीवर काम करा. ज्येष्ठांनी बैठकीत आपली खुर्ची तरुण सहकाऱ्याला द्यावी, तीही अधिकारासकट.

पायरी 9: निधी थांबला तर

निधी मध्येच थांबला तर काय, हे सांगणारं कलम 2025 पर्यंत बहुतेक करारांत नावापुरतं असायचं. 1984 पासून 90 हून अधिक देशांत 400 पेक्षा जास्त लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणं करणारा डीएचएस कार्यक्रम फेब्रुवारी 2025 मध्ये निधी तुटल्याने अडकला. काही औषधचाचण्या मध्येच थांबल्या, सहभागींच्या शरीरात प्रायोगिक साधनं असताना. मुलाखती देणाऱ्या, रक्त देणाऱ्या माणसांना उत्तर द्यायची वेळ स्थानिक चमूवर आली, आणि त्यांच्या हातात ना पैसा होता ना अधिकार.

म्हणून करारावर सही करण्याआधी शेवटच्या पानावर हे आहे का ते तपासा: किमान 90 दिवसांची नोटीस, सहभागींची सुरक्षित तपासणी पूर्ण होईपर्यंत पुरेल असा तुमच्या देशातल्या खात्यातला राखीव निधी, फ्रीझरच्या विजेचा सहा महिन्यांचा खर्च, डेटाची पूर्ण प्रत आणि कोडबुक दर महिन्याला तुमच्या सर्व्हरवर, आणि सहभागींना काय झालं ते त्यांच्या भाषेत सांगण्याचा अधिकार, कुणाची परवानगी न घेता.